धरण मालकाचे, धोका पायथ्याचा

हवाई राज्याच्या सरकारी नोंदवहीत 'का लोको' नावाच्या एका धरणापुढे 'कमी धोका' असा शेरा होता. काउआई बेटावरील हे मातीचे धरण १८९० च्या सुमारास उसाच्या मळ्यांना पाणी पुरविण्यासाठी बांधले गेले होते. पुढे साखरेचा धंदा आटोपला, जमिनीचे मालक बदलले. धरण मात्र जागच्या जागी राहिले. १४ मार्च २००६ च्या पहाटे, कित्येक आठवड्यांच्या पावसानंतर, ते फुटले. सुमारे दीडशे कोटी लिटर पाणी एका ओढ्याच्या पात्रातून समुद्राकडे झेपावले आणि वाटेतील घरांसह सात माणसांना घेऊन गेले. राज्याच्या धरण-सुरक्षा विभागाने या धरणाची तपासणी कधी केलीच नव्हती. ज्या धरणापुढे 'कमी धोका' असे लिहिले आहे, त्याच्याकडे अपुऱ्या मनुष्यबळाच्या खात्याने आधी का पाहावे?

दीडशे कोटी लिटर हा आकडा कागदावर मोठा दिसतो. वस्तुत: पानशेतच्या आजच्या साठ्याचा तो जेमतेम दोनशेवा हिस्सा आहे. धरणांच्या दुनियेत ज्यांना कोणी विचारीत नाही, अशा असंख्य लहान खाजगी धरणांपैकी हे एक. परंतु जी चूक या एका शेऱ्यात झाली ती हवाईपुरती किंवा अमेरिकेपुरती नाही. धरणाचा 'धोका' मोजावयाचा तो कोणाच्या बाजूने, या प्रश्नाशी ती निगडित आहे, आणि म्हणूनच तिचा ऊहापोह महाराष्ट्रातही होणे अगत्याचे आहे.

शेरा भिंतीचा नव्हे

अमेरिकेत धरणांचे तीन धोका-वर्ग केले जातात. धरण फुटल्यास किमान एका तरी माणसाचा जीव जाण्याची शक्यता असेल तर ते 'उच्च' वर्गात येते. जीवितहानी संभवत नाही, पण रस्ते, पूल, पिके, पाणीपुरवठा यांचे मोठे नुकसान होईल, असे धरण मधल्या वर्गात जाते. नुकसान मुख्यत: मालकाच्याच जमिनीपुरते मर्यादित राहणार असेल, तर वर्ग 'कमी'. या व्याख्यांत धरणाच्या प्रकृतीविषयी एक अक्षरही नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. भिंतीला तडे आहेत की नाहीत, पायथ्याशी गळती आहे काय, सांडवा पुरेसा आहे काय, हे सारे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळ्या तपासणीने द्यावयाची असतात. उत्कृष्ट बांधलेले, काटेकोरपणे सांभाळलेले धरण उच्च वर्गात असू शकते, कारण त्याच्या खाली गाव आहे. उलट, ओसाड माळावरचे मोडकळीस आलेले धरण कमी वर्गात असू शकते, कारण ते फुटले तरी पाणी निर्जन जागी पसरेल.

वर्ग हे धरणाच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. ते फुटल्यास काय होईल याचे विधान आहे. फटाक्यांच्या गोदामाला परवाना देताना गोदामाचे कुलूप मजबूत आहे काय हे जसे पाहिले जाते, तसेच गोदामाशेजारी शाळा आहे काय हेही पाहिले जाते. पहिल्या प्रश्नाच्या समाधानकारक उत्तराने दुसरा प्रश्न रद्द होत नाही.

परंतु व्यवहारात नेमका हाच गोंधळ होतो. 'कमी धोका' हे शब्द मालक वाचतो तेव्हा त्याला वाटते, आपले धरण भक्कम आहे. कारकून ते वाचतो तेव्हा त्या धरणाची फाइल खाली जाते. खाली राहणाऱ्या माणसाने चौकशी केलीच, तर त्यालाही हेच दोन शब्द ऐकविले जातात. मराठीत तर ही अडचण अधिकच आहे. संभाव्य हानीची व्याप्ती आणि ती हानी घडण्याची शक्यता, या दोन भिन्न कल्पनांना आपण 'धोका' हा एकच शब्द वापरतो. शासकीय परिभाषेत यासाठी 'परिणाम-वर्ग' असा शब्द योजला, तरी अर्धा गैरसमज दूर होईल. 'या धरणाचा परिणाम-वर्ग उच्च' असे म्हटले की ऐकणारा आपोआप विचारतो : परिणाम कोणावर?

वीटही न हलता बदलणारा वर्ग

या प्रश्नाचे उत्तर कायमचे नसते. पन्नास वर्षांपूर्वी ज्या ओढ्याकाठी गुरे चरत होती, तेथे आज बंगल्यांची वसाहत असते. धरणाची एक वीटही हललेली नसते, पाण्याची पातळी वाढलेली नसते. तरीही फुटल्यास होणाऱ्या हानीचे मान शून्यावरून पन्नास जीवांवर गेलेले असते. धरणशास्त्रज्ञ या प्रकाराला 'सरकता धोका' अशा अर्थाचा शब्द वापरतात. का लोकोच्या बाबतीत हाच प्रकार घडला. मळ्याच्या काळात पडलेला शेरा, मळा गेल्यानंतरही आणि खोऱ्यात घरे झाल्यानंतरही, नोंदवहीत तसाच राहिला. दुर्घटनेनंतर जेव्हा राज्यातील धरणांची नव्याने छाननी झाली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य धरणे उच्च वर्गात घालावी लागली. या धरणांच्या भिंती काही एका रात्रीत खचल्या नव्हत्या. इतकी वर्षे खाली कोणी पाहिलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. उच्च वर्ग म्हणजे मोठा सांडवा, वारंवार तपासणी, आपत्कालीन योजना, म्हणजेच खर्च. एखाद्या शेतकऱ्याच्या आजोबाने शेतीसाठी तळे बांधले. त्याच्या खाली दुसऱ्या कोणी भूखंड पाडून विकले. स्थानिक संस्थेने घरांना परवाने दिले. नफा भूखंड विकणाऱ्याचा, कर स्थानिक संस्थेचा, आणि सांडवा रुंद करण्याचा भुर्दंड मात्र शेतकऱ्याचा! लहान धरणमालकांची ही तक्रार खोटी नाही. तिला उत्तर देताना वर्गच बदलायचा नाही, असा मार्ग मात्र पत्करता येणार नाही. खाली माणसे आहेत ही वस्तुस्थिती मालकाच्या गैरसोयीमुळे नाहीशी होत नाही. खर्चाची वाटणी कशी करावी हा स्वतंत्र प्रश्न आहे. धोक्याचे मोजमाप त्यावर अवलंबून ठेवणे म्हणजे औषध महाग आहे म्हणून ताप मोजायचा नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

अज्ञान आणि बेपर्वाई

लहान खाजगी धरणांच्या दुर्घटनांकडे पाहिले असता त्यांत दोन भिन्न कारणे आढळतात, आणि त्यांच्यावरील उपायही भिन्न आहेत.

पहिले उदाहरण जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथील केली बार्न्स धरणाचे. हे धरण एका धर्मशिक्षण महाविद्यालयाच्या मालकीचे होते. दगड-लाकडाच्या जुन्या बांधावर मातीचा भराव घालून ते टप्प्याटप्प्याने उंच करण्यात आले होते. संस्थेच्या वीजनिर्मितीसाठी त्याचा उपयोग होत असे. १९५७ नंतर ती निर्मितीही थांबली आणि केवळ एक रमणीय तलाव उरला. उंची अवघी ३८ फूट, लांबी सुमारे ४०० फूट. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि ३९ माणसे मेली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती, आणि मृत बहुतांशी त्याच महाविद्यालयाच्या परिवारातील होते.

म्हणजे येथे मालक आणि बळी वेगळे नव्हते. मालकाला खालच्यांची पर्वा नव्हती, असे म्हणता येत नाही; खाली त्याचीच माणसे झोपली होती. उणीव होती ती ज्ञानाची. धरणाचे अभियांत्रिकी आराखडे उपलब्ध नव्हते, आणि भरावाच्या आत काय चालले आहे हे सांगू शकेल असा माणूस कोणी नेमलेला नव्हता. मातीचे धरण बाहेरून हिरवेगार, शांत दिसते. उतारावर वाढलेली झाडे पाहून सामान्य माणसाला समाधान वाटते. अभियंत्याला मात्र त्या झाडांच्या मुळांनी भरावात पाण्याला वाट करून दिली असेल काय, ही चिंता पडते. अज्ञानावरचा उपाय म्हणजे सक्तीची, जाणत्या माणसाकडून होणारी तपासणी.

का लोकोची कहाणी निराळी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी-अहवालाने असा निष्कर्ष काढला की, सांडवा नसल्यामुळे पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहू लागले आणि त्यातूनच ते फुटले असावे. मूळचा सांडवा बुजविला गेला असावा. मातीच्या धरणाला सांडवा नसणे म्हणजे काय, हे ज्याने पावसाळ्यात शेताचा बांध फुटताना पाहिला आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तर ती काही काळ तग धरू शकते. मातीच्या भरावावरून वाहणारे पाणी त्याचा खालचा उतार कोरत वर येते आणि काही तासांत भगदाड पडते. जलाशयाच्या परिसरात परवानगीविना चाललेले माती सरकविण्याचे काम थांबविण्याचा आदेश स्थानिक प्रशासनाने १९९७ साली दिला होता; त्याचा पाठपुरावा झाला नाही. मालकावर पुढे खटला चालला. २०१३ साली त्याने बेपर्वाईने इतरांचे जीवित धोक्यात घातल्याच्या आरोपाला विरोध न करण्याची भूमिका घेतली, तर मनुष्यवधाचे आरोप त्याच्या कंपनीच्या माथी राहिले. २०१४ साली त्याला शिक्षा झाली ती सात महिन्यांच्या कारावासाची. सात माणसांसाठी सात महिने! बेपर्वाईवर केवळ तपासणीचा उपाय पुरत नाही. तेथे दायित्वाचा धाक लागतो.

जमाखर्चाच्या दोन वह्या

हा धाक बाजार स्वत:हून का निर्माण करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. धरणमालक सांडव्यावर किती खर्च करील? धरण फुटल्यास त्याचे स्वत:चे जेवढे नुकसान होईल तेवढ्याच्या हिशेबाने. त्याचे नुकसान म्हणजे साठविलेले पाणी, मासे, तलावाकाठचा बंगला. खालच्या खोऱ्यातील घरे, माणसे, गुरे त्याच्या जमाखर्चात येत नाहीत. ती दुसऱ्याच्या वहीत असतात. ज्या कृतीचा लाभ एकाला आणि तोटा तिसऱ्याला, तिच्यातील सावधगिरी समाजाला हवी त्यापेक्षा नेहमीच कमी राहते. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याचा धूर निदान रोज दिसतो. धरणाचा तोटा पन्नास वर्षांतून एकदा येतो, म्हणून मधल्या एकोणपन्नास वर्षांत केलेली काटकसर शहाणपणाची वाटते.

कायद्याने ही दुसरी वही मालकाच्या वहीला जोडण्याचा प्रयत्न फार पूर्वी केला, आणि त्याचे निमित्त एक लहान खाजगी जलाशयच होते. लँकेशायरमधील एका गिरणीमालकाने बांधून घेतलेल्या जलाशयाचे पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. १८६८ साली इंग्लंडच्या उमराव सभेने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात निर्णय दिला, त्याचा आशय असा की, जो आपल्या जमिनीवर सुटल्यास घातक ठरणारी वस्तू आणून ठेवतो, त्याने तिच्या सुटण्याने होणाऱ्या हानीची जबाबदारी घेतली पाहिजे. हयगय सिद्ध झाली नाही तरीही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात याच तत्त्वाच्या पलीकडे जाऊन, घातक उद्योगांचे दायित्व निरपवाद असल्याचे सांगितले.

पण हे तत्त्व सर्वत्र सहजासहजी रुजले नाही. ३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन शहरावर साउथ फोर्क धरण कोसळले आणि २,२०९ माणसे मरण पावली. हे धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मासेमारी व शिकार क्लबच्या मालकीचे होते. कार्नेगी व फ्रिक हे पोलादसम्राट त्याचे सभासद. गाड्यांची ये-जा सुलभ व्हावी म्हणून धरणाचा माथा खाली उतरविण्यात आला होता, आणि तलावातील मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसविल्या होत्या. न्यायालयात कोणीही दोषी ठरले नाही. या अन्यायाने अमेरिकेतील न्यायालयांचा कल हळूहळू कठोर दायित्वाकडे झुकला, असे मानले जाते.

तथापि, कठोर दायित्वाचीही एक मर्यादा आहे. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही, त्याला दायित्वाचा धाक कसला? मिशिगनमधील ईडनव्हिल धरणाचा सांडवा अपुरा असल्याचे केंद्रीय नियामकांनी वर्षानुवर्षे बजावले. अखेर २०१८ साली मालक कंपनीचा वीजनिर्मितीचा परवाना काढून घेण्यात आला. हे धरण नोंदवहीत उच्च वर्गात होते. म्हणजे शेरा बरोबर होता. तरीही १९ मे २०२० रोजी ते फुटले. वेळीच स्थलांतर झाल्याने जीवितहानी टळली. परंतु दहा हजारांवर माणसांना घरे सोडावी लागली. त्याच वर्षी मालक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मर्यादित दायित्वाची कंपनी, आणि तिचे हे धरणच वाहून गेलेले. भरपाई कशातून वसूल करणार? म्हणून धरण फुटल्यानंतरच्या दाव्यापेक्षा, ते उभे असतानाच घेतलेले तारण किंवा विमा अधिक परिणामकारक ठरतो. विमा कंपनी आपल्या पैशाच्या काळजीने सांडवा पाहावयास येईल, आणि न पाहता पैसे लावणार नाही.

मेल्यानंतरचा कायदा

अमेरिकेत नव्वद हजारांहून अधिक धरणांची नोंद आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक खाजगी मालकीची आहेत. तेथील कायद्याचा इतिहास दुर्घटनांच्या तारखांवरून लिहिता येतो. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे एका कोळसा कंपनीचा गाळाचा बांध फुटून १२५ माणसे मेली. कंपनीच्या वतीने तिला 'देवाची करणी' म्हणण्यात आले. त्याच वर्षी धरण-तपासणीचा राष्ट्रीय कायदा झाला. धरणांची यादी तयार झाली; तपासणीसाठी मात्र पैसा मिळाला नाही. तो मिळण्यासाठी टोकोआची ३९ माणसे मरावी लागली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी, जे स्वत: जॉर्जियाचे माजी गव्हर्नर होते, बिगर-संघीय धोकादायक धरणांच्या तपासणीचा आदेश दिला. १९८१ पर्यंत सुमारे नऊ हजार धरणे पाहिली गेली, आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरली. ही सारी धरणे त्याआधी कोणाच्या ना कोणाच्या मते ठीकच होती.

कायदा, यादी आणि वर्ग ही तीनही कागदावर असून भागत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे. वर्ग ठरविण्यासाठी खोऱ्यात उतरून घरे मोजणारा माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो. २०१६ साली अमेरिकेच्या संसदेने संघराज्याच्या मालकीची नसलेल्या उच्च वर्गातील धरणांच्या दुरुस्तीसाठी अनुदानाची योजना मंजूर केली, ती याच जाणिवेतून.

धरणग्रस्त कोण?

महाराष्ट्रात खाजगी धरणे थोडी. टाटांच्या वीज कंपन्यांची मावळ-मुळशीतील जुनी धरणे सोडली, तर बहुतेक धरणांचा मालक शासन हाच आहे. देशातील सर्वाधिक मोठी धरणे याच राज्यात आहेत. येथे धरणांविषयीचा सारा विचार वरच्या बाजूने झाला. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह हा पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठी होता. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने १९७६ सालीच केला. 'धरणग्रस्त' हा शब्द मराठीत रुळला तो वरच्या बाजूच्या, जमीन गेलेल्या माणसासाठी. हा विचार योग्यच होता. परंतु धरणाच्या खाली राहणाऱ्या आणि त्याच्या सावलीत रोज झोपणाऱ्या माणसासाठी मराठीत आजही शब्द नाही. ज्याला नाव नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यासारखे शहर खाली होते, म्हणून त्याची आठवण राहिली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, ते एक लहान धरण होते. वीसच्या आसपास माणसांचा बळी गेला. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. त्यानंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण पुढे केले. बफेलो क्रीकच्या कंपनीने देवावर भार टाकला होता, येथे तो खेकड्यांवर पडला. मालक खाजगी असो की सरकारी, खालच्यांचा जमाखर्च त्याच्या वहीत नसला की उत्तरे सारखीच येतात.

संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. ही नि:संशय मोठी प्रगती आहे. मालक शासन असो, कंपनी असो वा व्यक्ती, सर्वांवर त्याने कर्तव्ये घातली. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, देखभालीसाठी निधीची तरतूद, आपत्कालीन कृती योजना आणि धोका-वर्गवारी या सर्वांचा त्यात समावेश आहे. परंतु हा कायदा लागू होतो तो 'विनिर्दिष्ट' धरणांना. म्हणजे १५ मीटरहून अधिक उंचीच्या धरणांना. अथवा १० ते १५ मीटर उंचीच्या अशा धरणांना, ज्यांची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, किंवा कमाल पूर-विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर आहे, किंवा ज्यांचा पाया विशेष अवघड अथवा आराखडा असाधारण आहे.

या कसोट्यांवर टोकोआचे धरण ठेवून पाहावे. उंची साडेअकरा मीटरांच्या आसपास. लांबी सव्वाशे मीटरही नाही. फुटतेवेळचा साठा पावणेआठ लाख घनमीटरांच्या घरात. पाणलोट एवढासा की २,००० घनमीटरांचा विसर्ग संभवतच नाही. पायाच्या किंवा आराखड्याच्या असाधारणतेचा आधार कोणी घेतला तरच ते कायद्याच्या कक्षेत येईल. मोजमापांच्या तीनही कसोट्यांवर ३९ माणसांचा बळी घेणारे हे धरण भारतीय कायद्यास दिसलेच नसते. याचे कारण उघड आहे. आपल्या कायद्यात वर्गवारी आहे, पण वर्गवारीच्या दालनात कोणाला प्रवेश द्यावयाचा हे भिंतीची उंची ठरविते, खालची वस्ती नव्हे. माणसे मोजण्याआधीच फूटपट्टीने निकाल लागतो.

आणि याच फूटपट्टीखालून सुटणाऱ्या बांधांची महाराष्ट्रात कमतरता नाही. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांत असंख्य पाझर तलाव बांधले गेले. त्यांनी लाखो हातांना काम आणि विहिरींना पाणी दिले. त्यांतील कित्येकांनी आता पन्नाशी गाठली आहे. कित्येकांच्या सांडव्यात झुडुपे माजली आहेत, भरावावर झाडे वाढली आहेत. आणि खाली, ओढ्याच्या कडेने, मधल्या काळात वाड्या-वस्त्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या जोडीला शहरांलगतच्या डोंगरउतारांवर विश्रामगृहांसाठी व निवासी प्रकल्पांसाठी खाजगी तलाव होऊ लागले आहेत. त्या प्रत्येकाच्या खाली कोण राहतो, या प्रश्नाचे उत्तर एखाद्या सरकारी कागदावर शोधणे कठीण आहे.

काय करावे?

प्रत्येक पाझर तलावाला कोयनेचे नियम लावावेत, असे कोणी म्हणणार नाही. तो खर्च परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. वर्गवारीचा खरा उपयोग येथेच आहे. ती मर्यादित पैसा कोठे आधी खर्चावा हे सांगते. पण त्यासाठी वर्गवारीची चाळणी सर्व बांधांना लावली पाहिजे. उंचीच्या चाळणीतून खाली पडलेल्यांना वगळून नव्हे. राज्याला स्वत:च्या अधिकारात हे करता येण्याजोगे आहे. लहान बांधांच्या बाबतीत पहिली पाहणी अगदी साधी असू शकते : बांध फुटल्यास पाणी ज्या वाटेने जाईल त्या वाटेवर किती घरे, किती शाळा, किती रस्ते. गावचा नकाशा आणि ओढ्याची चढउतार जाणणारा एक कनिष्ठ अभियंता एका दिवसात ही मोजणी करू शकेल. ज्यांच्या खाली वस्ती निघेल, त्यांनाच पुढच्या सविस्तर तपासणीची जरुरी.

ही मोजणी मालकाने नव्हे, सार्वजनिक यंत्रणेने करावी. कारण कमी वर्गात मालकाचा लाभ असतो. दर काही वर्षांनी, आणि खालच्या पट्ट्यात बांधकामाचा परवाना दिला जाईल त्या प्रत्येक वेळी, ती पुन्हा व्हावी. परवाना देणाऱ्याने वर्ग बदलण्याचा खर्च लक्षात घेतला पाहिजे आणि तो भूखंड विकसित करणाऱ्याकडून अंशत: वसूल केला पाहिजे, म्हणजे आजोबांचे तळे सांभाळणाऱ्या शेतकऱ्यावर सारा बोजा पडणार नाही. जे तळे कोणालाच सांभाळणे परवडत नाही, ते सुरक्षितपणे रिकामे करून बांध मोडून टाकणे, हाही एक प्रतिष्ठित पर्याय मानला जावा. व्यापारी हेतूने पाणी अडविणाऱ्या खाजगी मालकाकडून मात्र, खाली वस्ती असेल तर, विमा किंवा तारण घेतल्याशिवाय पाणी भरू देऊ नये.

आणि शेवटी, ज्यांच्या जिवावर हा वर्ग ठरतो, त्यांना तो कळला पाहिजे. आज वर्ग ठरला तरी तो कार्यालयात राहतो. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. पाणी कोणत्या बाजूने येईल आणि कोणत्या टेकाडावर जावयाचे हे त्याखाली लिहिलेले असावे. शाळेतील मुलांना ते ठाऊक असावे. तिवऱ्याच्या माणसांनी गळती पाहिली होती. तिची दखल घेणे कोणावर बंधनकारक नव्हते, इतकेच. ज्या बांधाखाली माणसे राहतात अशी सरकारी नोंद आहे, त्या बांधाविषयी आलेल्या तक्रारीला मुदतीत लेखी उत्तर देणे सक्तीचे करण्यासाठी नवा सांडवा बांधावा लागत नाही, की मोठे अंदाजपत्रक लागत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी शासनाने निदान एवढे केले, तरी नोंदवहीतील शेऱ्याला प्रथमच काही अर्थ येईल.